पिकअप वाहनांचे मूळ टायर आणि कच्चे रस्ते

पिकअप वाहनाचे मूळ टायर म्हणजे वाहन कारखान्यातून बाहेर पडताना त्याला बसवलेले, वाहन-उत्पादकाने निवडलेले टायर होत. व्यवहारात त्यांना 'कंपनीचे टायर' किंवा 'कंपनी फिटिंगचे टायर' म्हणतात. हे टायर डांबरी व काँक्रीट रस्त्यावर ठरावीक भार वाहून नेणे, इंधन वाचवणे आणि जास्त किलोमीटर टिकणे या अपेक्षांना धरून निवडलेले असतात. त्यामुळे शेतरस्ते, पाणंद, नदीपात्र, मुरमाड चढ किंवा खडकाळ माळ अशा ठिकाणी ते कितपत उपयोगी पडतात, हा वाहनधारक, शेतकरी व वाहतूक व्यावसायिक यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. कोरड्या मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावर मूळ टायर बहुधा पुरेसे ठरतात. ओली काळी जमीन, खोल चाकोरी आणि धारदार दगड यांच्यासमोर मात्र त्यांच्या मर्यादा लवकर उघड होतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेषतः मराठवाडा व विदर्भातील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात जाणवतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा आणि आसपासचा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील परिसर हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. येथील शेतमाल बांधापासून बाजारापर्यंत नेणारे वाहन एकाच फेरीत शेतातील गाडीवाट, मुरमाचा शिवरस्ता, डांबरी राज्यमार्ग आणि प्रसंगी समृद्धी महामार्ग अशा चार वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून जाते. या चारही पृष्ठभागांना सारखाच योग्य असा टायर अस्तित्वात नाही.

पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावर वाहतुकीचे साधन दीर्घकाळ बैलगाडी हेच होते. तिच्या लाकडी चाकाभोवती लोखंडी पट्टी तापवून चढवली जाई. तिला 'धाव' म्हणतात. धाव अरुंद व कठीण असल्याने ओल्या जमिनीत खोल रुतत असे आणि तिच्यामुळे रस्त्यावर चाकोऱ्या पडत. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर व्यवहारात आणला. पुढे हवेचे टायर बैलगाडीलाही बसू लागले आणि अशा गाडीला ग्रामीण भागात 'टायरगाडी' हे नाव पडले. रुंद व मऊ टायरमुळे तोच भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि चाक कमी रुतते, हा अनुभव शेतकऱ्यांना मोटार येण्याआधीच या गाडीने दिला होता.

मोटारवाहनांच्या बाबतीत कच्चा रस्ता हा प्रारंभी अपवाद नव्हता, तर नियम होता. दुसऱ्या महायुद्धातील जीप या लष्करी वाहनाला ६.००-१६ आकाराचे, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर कारखान्यातूनच बसवलेले असत. ही नक्षी पुढे व मागे दोन्ही दिशांना सारखीच पकड देणारी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र समूहाने जीपची जुळणी सुरू केली आणि पुढील काही दशके या वाहनाचे विविध अवतार ग्रामीण महाराष्ट्रात प्रवासी व मालवाहतुकीसाठी वापरले गेले.

१९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने रेडिअल टायरचे पेटंट घेतले. त्यातील दोऱ्यांचे थर टायरच्या फिरण्याच्या दिशेला जवळजवळ काटकोनात असतात व त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात. यामुळे टायर कमी तापतो, कमी झिजतो व इंधन वाचते. भारतात १९८८ मध्ये टाटा मोबाइल हे पिकअप वाहन आले. २००० मध्ये महिंद्र बोलेरो, २००५ मध्ये छोटे मालवाहू वाहन टाटा एस आणि २०१७ मध्ये टाटा योद्धा बाजारात आले. चांगल्या रस्त्यांचे जाळे वाढत गेले तसा या वाहनांच्या टायरांचा कल खडबडीत नक्षीकडून भारक्षम, कमी तापणाऱ्या रस्ता-टायरकडे सरकला. २०१६ मध्ये आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स ही चारही चाकांना चालना देण्याची सोय असलेली, वैयक्तिक वापराकडे झुकलेली पिकअप वाहने होत. आज भारतात 'पिकअप' या एकाच शब्दाखाली मालवाहू आणि जीवनशैलीविषयक असे दोन वेगळे वर्ग मोडतात व त्यांच्या मूळ टायरांमागील विचारही वेगळा असतो.

टायरवरील खुणा

मूळ टायर कशासाठी बनवला आहे, हे त्याच्या बाजूच्या भिंतीवरील अक्षरे व अंक वाचून बरेचसे कळते. '२१५/७५ आर १५' या आकारात टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रचना रेडिअल आणि रिमचा व्यास १५ इंच असतो. यावरून भिंतीची उंची सुमारे १६१ मिलिमीटर व टायरचा एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर निघतो. '७.०० आर १५ एलटी' या जुन्या पद्धतीच्या लेखनात रुंदी इंचांत दिलेली असते आणि 'एलटी' ही अक्षरे हलक्या मालवाहू वाहनाचा टायर दर्शवतात. महिंद्र बोलेरो पिकअपच्या निरनिराळ्या प्रकारांत हे दोन्ही आकार आढळतात.

त्यापुढील अंक भारनिर्देशांक असतो. १०० या निर्देशांकाचा अर्थ एका टायरने जास्तीत जास्त ८०० किलोग्रॅम, तर ११२ चा अर्थ १,१२० किलोग्रॅम भार पेलावा असा होतो. अंकानंतरचे अक्षर वेगमर्यादा सांगते : 'एल' म्हणजे ताशी १२०, 'एन' म्हणजे १४०, 'क्यू' म्हणजे १६०, 'एस' म्हणजे १८० आणि 'टी' म्हणजे १९० किलोमीटर. 'पीआर' या अक्षरांआधीचा अंक थरांची तुलनात्मक ताकद दर्शवतो. तो प्रत्यक्ष थरांची संख्या नसतो. 'एम+एस' ही खूण चिखल व बर्फासाठी असली तरी ती मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. ती असलेला प्रत्येक टायर काळ्या चिखलात चालेल असे नाही.

उत्पादनाची तारीख चार अंकांत असते. '२३२४' म्हणजे २०२४ या वर्षाचा २३ वा आठवडा. नवीन वाहन घेताना पाचही टायरांवरील, म्हणजे स्टेपनीसह सर्व टायरांवरील, हे अंक तपासता येतात.

नक्षीचे प्रकार

रस्त्याला टेकणाऱ्या भागावरील नक्षीनुसार पिकअपच्या टायरांचे ढोबळमानाने तीन प्रकार केले जातात.

रस्ता-टायर (एच/टी) : यात लांबीच्या दिशेने सलग पट्ट्या व अरुंद खाचा असतात. आवाज कमी, घर्षणजन्य रोध कमी आणि आयुष्य जास्त असते. बहुतेक मालवाहू पिकअपांचे मूळ टायर या गटात किंवा त्याच्या जवळ येतात. काही टायरांत मध्यभागी पट्ट्या व कडेला ठोकळे अशी मिश्र नक्षी असते.

सर्वभूमी टायर (ए/टी) : यात ठोकळे मोठे व खाचा रुंद असतात, खांद्यावरील भाग अधिक दंतुर असतो. मुरूम, खडी, वाळू व हलका चिखल यांवर पकड सुधारते. डांबरी रस्त्यावर आवाज व इंधनखर्च थोडा वाढतो आणि ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर वाढू शकते.

चिखल-टायर (एम/टी) : यात ठोकळे दूरदूर व खोल असतात आणि चाक फिरताना खाचांतील चिखल बाहेर फेकला जावा अशी त्यांची रचना असते. बाजूच्या भिंती जाड असतात. पक्क्या रस्त्यावर ते लवकर झिजतात, आवाज करतात आणि त्यांची वेगमर्यादा सहसा कमी असते. गोव्यात २०१४ मध्ये प्रथम भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धांत असेच टायर वापरले जातात.

ट्रॅक्टरच्या मागील चाकांचे टायर या तिन्हींहून वेगळे आहेत. त्यांवर उलट्या 'व्ही' आकाराच्या उंच पट्ट्या असतात व त्यांत हवा फार कमी दाबाने भरलेली असते. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या टायरांप्रमाणेच शेती व अवजड यंत्रांसाठीचे टायरही तयार होतात. मात्र हे शेती-टायर पिकअपला बसवता येत नाहीत, कारण त्यांचा आकार, भार व वेगमर्यादा वेगळी असते.

काळ्या जमिनीचे वर्तन

मराठवाड्यातील काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या विदारणातून बनली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. कोरडी असताना ही जमीन वाहनाचा भार सहज पेलते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मात्र तिची भार पेलण्याची क्षमता अनेक पटींनी घटते. म्हणूनच अशा जमिनीवर रस्ता बांधताना अभियंते मुरमाचा जाड थर किंवा चुना मिसळून मजबुतीकरण सुचवतात.

वाहनाच्या दृष्टीने येथे दोन स्वतंत्र अडचणी निर्माण होतात. पहिली रुतण्याची : जमिनीवर पडणारा दाब तिच्या क्षमतेहून जास्त झाला की चाक खाली जाते. दुसरी घसरण्याची : चिकट माती नक्षीच्या खाचांत घट्ट बसते आणि टायर गुळगुळीत लोड्यासारखा होतो. अरुंद खाचांचा रस्ता-टायर काही फेऱ्यांतच असा भरतो. रुंद खाचांच्या टायरातून माती फेकली जाते, परंतु त्यासाठी चाकाला पुरेशी गती लागते. चाक जोरात फिरवल्यास मऊ जमिनीत खड्डा अधिक खोल होतो. त्यामुळे पूर्ण भिजलेल्या काळ्या जमिनीत महागडा चिखल-टायरही भरवशाचा ठरत नाही.

शेतकरी या संदर्भात 'वापसा' हा शब्द वापरतात. पावसानंतर जमिनीतील जादा पाणी निथळून ती कामायोग्य होण्याच्या अवस्थेला वापसा म्हणतात. औत घालण्यासाठी जी अवस्था योग्य, तीच साधारणतः वाहन नेण्यासाठीही किमान आवश्यक असते. वापसा येण्यापूर्वी शेतात भरलेले वाहन नेल्यास ते रुतण्याचा धोका तर असतोच, शिवाय चाकाखालची माती दाबली जाऊन पुढील पिकाच्या मुळांची वाढ व पाण्याचा निचरा यांवर परिणाम होतो.

दाब आणि स्पर्शक्षेत्र

टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने त्यातील हवेच्या दाबाएवढा असतो. उदाहरणार्थ, एका चाकावर ६०० किलोग्रॅम भार आणि हवेचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर ३.५ किलोग्रॅम (सुमारे ५० पौंड) असल्यास जमिनीला टेकणारे क्षेत्र सुमारे १७१ चौरस सेंटिमीटर येते. दाब निम्मा केल्यास हेच क्षेत्र सुमारे ३४३ चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंतीचा ताठरपणा लक्षात घेता प्रत्यक्षातील आकडे थोडे वेगळे असतात, पण कल तोच राहतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागील टायरांत हवा कमी दाबाने भरलेली असल्याने ज्या शेतात ट्रॅक्टर चालतो तेथे भरलेला पिकअप रुततो. फरक केवळ नक्षीचा नसतो.

मालवाहू पिकअपच्या मूळ टायराची मुख्य अडचण येथेच आहे. दीड ते दोन टन माल पेलण्यासाठी मागील टायरांत जास्त दाबाची हवा आवश्यक असते आणि जास्त दाब हाच मऊ जमिनीत रुतण्याचे कारण ठरतो. दाब कमी केला तर पकड सुधारते, पण भार पेलण्याची क्षमता घटते. म्हणून हवा कमी करण्याचा उपाय रिकाम्या किंवा हलक्या भाराच्या वाहनासाठी, थोड्या अंतरासाठी आणि अगदी कमी वेगातच सुरक्षित मानला जातो.

भिंतीची उंचीही महत्त्वाची असते. व्ही-क्रॉसच्या सुरुवातीच्या २४५/७० आर १६ या टायराची भिंत सुमारे १७१ मिलिमीटर होती. नंतरच्या प्रकारांतील २५५/६० आर १८ या टायरात ती १५३ मिलिमीटर आहे. हायलक्सच्या २६५/६५ आर १७ मध्ये ती सुमारे १७२, तर २६५/६० आर १८ मध्ये १५९ मिलिमीटर भरते. म्हणजे मोठ्या रिमचा, दिसायला भारदस्त असा महागडा प्रकार कच्च्या रस्त्यासाठी आपोआप अधिक योग्य ठरत नाही. उंच भिंत दगडाचा धक्का जिरवते आणि रिम वाकण्यापासून वाचवते. याउलट टाटा एससारख्या वाहनांचे १२ इंची रिमवरील छोटे टायर खोल चाकोरीत व दगडी उंचवट्यावर लवकर अडतात.

चालनेचा प्रकार

टायराला दोष देण्यापूर्वी वाहनाची चालना पाहणे आवश्यक ठरते. बहुतेक मालवाहू पिकअपांत फक्त मागील चाकांना चालना असते आणि मागे पाट्यांच्या कमानी असतात. असे वाहन रिकामे असताना मागील चाकांवर वजन कमी पडते व ओल्या चढावर चाके जागच्या जागी फिरतात. भरलेले असताना पकड वाढते, परंतु रुतण्याची शक्यताही वाढते. बोलेरो कॅम्पर, योद्धा, व्ही-क्रॉस व हायलक्स यांच्या काही प्रकारांत चारही चाकांना चालना देता येते. अशा वाहनाला रस्ता-टायर असले तरी ते ओल्या मुरमाड चढावर, सर्वभूमी टायर बसवलेल्या पण दोनच चाकांना चालना असलेल्या वाहनापेक्षा सहसा चांगले चालते. ब्रेक लावताना व वळताना मात्र चारही चाकांच्या चालनेचा उपयोग होत नाही. तेथे टायराची पकडच निर्णायक असते.

केदारखेडा परिसरातील वापर

केदारखेडा हे गाव जालना–भोकरदन मार्गावर आहे. भोकरदन तालुक्यात कापूस, सोयाबीन, मका ही पिके होतात आणि तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथील मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. जालना हे मोसंबी, बियाणे व पोलाद यांचे केंद्र असून जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. यांपैकी मिरची, भाजीपाला व फळे ही नाशवंत असल्याने ती तोडणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाजारात पोहोचावी लागतात. मिरचीचा हंगाम पावसाळ्यातच येतो. त्यामुळे ज्या दिवशी शेतरस्ता सर्वांत वाईट असतो, नेमक्या त्याच दिवशी वाहनाची गरज सर्वाधिक असते. अशा वेळी माल डोक्यावरून, बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने पक्क्या सडकेपर्यंत आणून तेथे पिकअपमध्ये भरणे हा काळ्या जमिनीच्या भागातील रूढ मार्ग आहे. यात मजुरी व वेळ वाढतो आणि माल दोनदा हाताळला जातो.

कोरड्या हंगामात अडचणींचे स्वरूप बदलते. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीचे व तुरीचे तिरपे कापलेले खुंट टोकदार असतात. बांधावरील बाभळीचे काटे टायरात शिरतात. मजबुतीकरणासाठी टाकलेली, पण नीट न दाबलेली काळ्या दगडाची खडी धारदार असते. टायराचा तळ पोलादी पट्ट्यांमुळे तुलनेने सुरक्षित असतो. बाजूची भिंत मात्र त्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. तळातील साधे पंक्चर काढता येते, परंतु भिंतीला पडलेली चीर सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही व टायर बदलावा लागतो. मालवाहू वाहनांच्या जास्त थरक्षमतेच्या मूळ टायरांची भिंत वैयक्तिक वापराच्या पिकअपच्या टायरांपेक्षा बहुधा जाड असते. खुंट व काट्यांच्या रस्त्यावर ही त्यांची जमेची बाजू आहे.

शेतरस्त्यावरून महामार्गाकडे

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. महामार्गाचा पृष्ठभाग सिमेंट काँक्रीटचा आहे. लांब अंतर एकाच वेगाने जाताना टायर सतत तापत राहतो. टायर फुटण्याच्या घटनांमुळे या मार्गावर टायरांच्या स्थितीचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला आणि परिवहन विभागाने टायर-तपासणी हाती घेतली.

कच्च्या रस्त्यासाठी केलेला बदल महामार्गावर कसा घातक ठरतो, हे येथे स्पष्ट होते. शेतात पकड मिळावी म्हणून कमी केलेली हवा पुन्हा न भरता भरलेले वाहन वेगाने चालवल्यास टायराची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आतील रबर व दोरे तापतात आणि थर सुटून टायर फुटू शकतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यासही हेच घडते. शेतरस्त्यावर दगडाने भिंतीच्या आत झालेली इजा बाहेरून दिसत नाही; ती फुगवट्याच्या रूपाने नंतर उघड होते. म्हणून कच्च्या रस्त्यावरून पक्क्या रस्त्यावर येताना टायरात अडकलेले दगड काढणे, भिंतीवरील चिरा व फुगवटे पाहणे आणि हवेचा दाब पूर्ववत करणे ही कामे सुरक्षिततेचा भाग मानली जातात. दाब टायर थंड असताना मोजावा लागतो. तापलेल्या टायरात तो जास्त दिसतो व त्यावरून हवा काढणे चुकीचे ठरते.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९४ नुसार चारचाकी वाहनांच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. ही मर्यादा पक्क्या रस्त्याच्या दृष्टीने किमान आहे. चिखलात किंवा सैल मुरमावर टायराची उपयुक्तता त्याआधीच बरीच घटलेली असते. नियम ९५ टायरांचा आकार व थरक्षमता यांविषयी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक असून व्यापारी वाहनांच्या टायरांसाठी आयएस १५६३६ हे मानक लागू आहे.

मोटारगाड्या, बस व मालवाहू वाहनांच्या टायरांना एआयएस-१४२ या मानकानुसार घूर्णनरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा पाळाव्या लागतात. नव्या रचनेच्या टायरांसाठी ही अट १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या रचनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून ठरवण्यात आली. या तिन्ही कसोट्या पक्क्या रस्त्यावरील वर्तन डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या आहेत. चिखलातील पकड किंवा भिंतीचा चिरांना होणारा विरोध त्यांत मोजला जात नाही. त्यामुळे मूळ टायर सर्व मानकांत बसत असला तरी तो शेतरस्त्यावर चालेल याची हमी त्यातून मिळत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घालते. मूळ टायरापेक्षा बराच मोठा टायर बसवल्यास वेगदर्शकही चुकतो. उदाहरणार्थ, २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ बसवल्यास व्यास सुमारे ३.४ टक्क्यांनी वाढतो आणि वेगदर्शक ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटरने, जास्त असतो. मालवाहू वाहनांना द्रुतगती मार्गावर २०१८ च्या अधिसूचनेनुसार ताशी ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. टायर बदलताना भारनिर्देशांक मूळ टायराइतका किंवा त्याहून अधिक असणे आवश्यक ठरते. केवळ नक्षी पाहून घेतलेला, कमी भारक्षमतेचा टायर मालवाहू पिकअपसाठी धोकादायक असतो.

निवडीचे निकष

मूळ टायर बदलावेत की नाही, हे वाहनाचा किती प्रवास कच्च्या रस्त्यावर होतो यावर अवलंबून असते. बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावर आणि फक्त शेवटचा एखादा किलोमीटर शेतरस्त्यावर असेल, तर मूळ टायर झिजेपर्यंत वापरणे आर्थिकदृष्ट्या योग्य ठरते. रोज मुरमाड किंवा खडीच्या रस्त्यावर जाणाऱ्या वाहनासाठी त्याच आकाराचा व भारक्षमतेचा सर्वभूमी टायर हा मधला मार्ग आहे. केवळ मागील, म्हणजे चालनेच्या, चाकांना वेगळ्या नक्षीचे टायर बसवण्याची पद्धत आढळते. एका आसावरील दोन टायर मात्र आकार, रचना व नक्षीने सारखे असावे लागतात. चिखल-टायर हे प्रामुख्याने स्पर्धा व विशेष कामांसाठी योग्य असून भाड्याने चालणाऱ्या मालवाहू वाहनाला ते परवडत नाहीत. जुन्या टायरावर नवा तळ चढवलेले 'रिमोल्ड' टायर स्वस्त असतात. पण जास्त भार व वेग यांसाठी त्यांच्या सांगाड्याची स्थिती निर्णायक असते.

टायर न बदलताही काही गोष्टी साधता येतात : वापसा येईपर्यंत थांबणे, माल कमी भरून दोन फेऱ्या करणे, चाकोरी सोडून उंच कडेने जाणे, चढावर एका स्थिर गतीने जाणे आणि रुतल्यावर चाक जोरात न फिरवता त्याखाली दगड, पऱ्हाटी किंवा पोती टाकणे.

शेतरस्त्यांचा प्रश्न

वाहनाच्या टायराची चर्चा शेवटी रस्त्याच्या दर्जापाशी येऊन थांबते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो, तर अस्तित्वातील रस्ता अडवला गेल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. गावे बारमाही रस्त्यांनी जोडण्यासाठी २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. ती प्रामुख्याने वस्त्यांना जोडते, शेतांना नव्हे. शेतापर्यंतच्या रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली.

मुरूम पसरून नीट दाबलेल्या आणि दोन्ही बाजूंना चर असलेल्या पाणंदीवर मूळ रस्ता-टायर असलेले वाहन पावसाळ्यातही बहुधा जाऊ शकते. चर नसलेल्या रस्त्यावर मात्र पाणी साचून चाकोऱ्या पडतात आणि खोल नक्षीचे टायर त्या अधिकच खोल करतात. या अर्थाने काळ्या जमिनीच्या प्रदेशात पिकअपची पोहोच टायराच्या नक्षीपेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर अधिक अवलंबून आहे. एका शेतकऱ्याने टायर बदलल्याने फार तर त्याच्या वाहनाची सोय होते; पाणंद सुधारल्याने त्या शिवारातील प्रत्येक वाहनाची व बैलगाडीचीही होते.